प्रशिक्षणाच्या कागदावर सही कधी करावी?

वाचकाचे पत्र

मी तारापूर औद्योगिक वसाहतीत गोळ्या आणि कॅप्सूल बनवणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कारखान्यात क्यूए (गुणवत्ता हमी) विभागात काम करते. कर्मचाऱ्यांच्या जीएमपी (औषधनिर्मितीच्या चांगल्या पद्धती) प्रशिक्षणाची जबाबदारी गेल्या वर्षी माझ्याकडे आली. आमच्या सर्व एसओपी, म्हणजे कामाच्या लेखी कार्यपद्धती, इंग्रजीत आहेत. पॅकिंगमधील बहुतेक महिला पालघर परिसरातील गावांतून येतात, तर मशीनवरचे बरेच ऑपरेटर हिंदी भाषक आहेत. प्रशिक्षणानंतरच्या लेखी चाचणीत सगळ्यांना दहापैकी दहा गुण मिळतात, कारण उत्तरे आधीच सांगितलेली असतात. गोळ्या दाबून बनवणाऱ्या कॉम्प्रेशन विभागात दर अर्ध्या तासाला घ्यायच्या गोळ्यांच्या वजनाच्या नोंदी उशिरा भरल्याचे तीनदा सापडले आणि तिन्ही वेळा ‘री-ट्रेनिंग दिले’ असे लिहून डेव्हिएशन (ठरलेल्या पद्धतीपासून झालेल्या चुकीची नोंद) बंद झाले. तिथे दोन मशीनना मिळून एकच ऑपरेटर आणि एकच काटा आहे. भुकटीचे दाणे करणाऱ्या ग्रॅन्युलेशन विभागातले एक ज्येष्ठ ऑपरेटर मला म्हणतात, ‘माल सुकला की नाही हे माझ्या हाताला कळतं, तुम्ही काय शिकवणार?’ आता तीन आठवड्यांवर ऑडिट आहे. काही कंत्राटी कामगारांचे प्रशिक्षण झालेलेच नाही आणि वरिष्ठ सांगत आहेत की ते रुजू झाले त्या तारखेने फॉर्म भरून सह्या घ्या. मी काय करावे? ही नोकरी सोडावी का?

उत्तर

सस्नेह नमस्कार.

तुमच्या पत्रातील मागील तारखेचा प्रश्न सर्वांत तातडीचा आहे, म्हणून आधी तोच घेतो. त्या फॉर्मवर सही करू नका आणि कामगारांकडूनही घेऊ नका. एका बॅचमध्ये लाखो गोळ्या असतात आणि त्यांतल्या मोजक्याच प्रयोगशाळेत तपासल्या जातात, कारण तपासलेली गोळी नष्ट होते. उरलेल्या सर्व गोळ्यांविषयीची आपली खात्री त्या कशा बनवल्या, कोणी बनवल्या आणि बनवणाऱ्याला ते काम येत होते का, या नोंदींवरच उभी असते. त्यांतील एक नोंद जाणूनबुजून खोटी लिहिली, तर तिच्या शेजारची खरी नोंदही संशयास्पद होते आणि तपासणी अधिकाऱ्याच्या नजरेत सारा कारखानाच त्या संशयाखाली येतो.

अशी नोंद उघडकीस येणे मुळीच अवघड नसते. गेटवरची हजेरी, कंत्राटदाराचे हजेरीपत्रक, बीएमआरवरच्या (बॅचच्या उत्पादन नोंदीवरच्या) सह्या आणि प्रशिक्षकाची त्या दिवसाची पाळी हे चार कागद शेजारी ठेवले की तारखांचा मेळ बसतो की नाही ते दिसते, आणि अनुभवी अधिकारी नेमके हेच करतात. तरीही पकडले जाण्याची भीती हे नकाराचे मुख्य कारण मी मानत नाही. त्या कामगारांना अजून काम शिकवलेले नाही आणि ते आजही औषधाजवळ उभे आहेत, ही खरी अडचण आहे. फॉर्म भरला की ती अडचण झाकली जाते आणि कायम राहते.

पुढचे काम असे करा. प्रशिक्षण न झालेल्या कामगारांची यादी तयार करा आणि आजच्या तारखेने डेव्हिएशन नोंदवा. प्रत्येकाने आजवर कोणत्या विभागात, कोणत्या बॅचवर, कोणाच्या देखरेखीखाली काय काम केले हे बीएमआर आणि हजेरीवरून शोधून त्या बॅचवर परिणाम होण्याची शक्यता तपासा. ज्याने केवळ बंद खोके उचलून ठेवले त्याची गोष्ट वेगळी, आणि ज्याने गोळ्या स्ट्रिपमध्ये भरणाऱ्या ब्लिस्टर लाइनवर नाकारलेल्या स्ट्रिपमधून गोळ्या काढल्या त्याची वेगळी. प्रशिक्षण पूर्ण होईपर्यंत या सर्वांना उघड्या मालाच्या कामावरून बाजूला ठेवा, आणि प्रशिक्षण ज्या दिवशी होईल त्याच दिवसाची तारीख घाला. स्वतः शोधलेली, लिहून ठेवलेली आणि दुरुस्ती सुरू केलेली चूक ऑडिटमध्ये निरीक्षण म्हणून लिहिली जाऊ शकते, हे खरे आहे. मात्र ती निभावता येते.

वरिष्ठांशी बोलताना आरोपाचा सूर टाळावा. त्यांच्यावरही ऑडिटचा ताण असतो, आणि ‘सगळीकडे असेच चालते’ असे त्यांना त्यांच्या वरिष्ठांनी कधीतरी सांगितलेले असते. ‘सर, मागील तारीख मला घालता येणार नाही. ऑडिटपूर्वी सर्वांचे प्रशिक्षण खऱ्या तारखेने पूर्ण करण्याचा आराखडा मी तयार केला आहे,’ असे समोर बसून सांगा आणि त्याच दिवशी तेच दोन ओळींच्या मेलने कळवा. नकारासोबत हातात आराखडा असला की बहुतेक वरिष्ठ तो स्वीकारतात. त्यांनी पुन्हा आग्रह धरला, तर गुणवत्ता विभागाच्या प्रमुखांकडे लेखी जा. त्या कागदावर सही तुमची असणार आहे, त्यामुळे हा निर्णय घेण्याचा अधिकारही तुमचाच आहे.

आता प्रशिक्षणाकडे वळू. केंद्र सरकारने २८ डिसेंबर २०२३ रोजी औषध नियमावलीतील शेड्यूल एम (जीएमपीचे नियम असलेला भाग) सुधारून अधिसूचित केले. २५० कोटी रुपयांपेक्षा अधिक उलाढाल असलेल्या कारखान्यांना त्यासाठी सहा महिने, तर लहान आणि मध्यम कारखान्यांना एक वर्ष देण्यात आले होते आणि नंतर त्यांच्यापैकी अर्ज करणाऱ्यांना ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत मुदतवाढ मिळाली. या सुधारणेमागे जागतिक आरोग्य संघटनेची जीएमपी तत्त्वे आहेत आणि प्रशिक्षणाविषयी त्या तत्त्वांचे म्हणणे अगदी स्पष्ट आहे. उत्पादन विभागात किंवा प्रयोगशाळेत ज्याचे ज्याचे काम पडते त्या प्रत्येकाला, म्हणजे देखभाल करणाऱ्या फिटरला आणि सफाई कामगारालाही, लेखी कार्यक्रमानुसार प्रशिक्षण द्यावे, ते पुढेही चालू ठेवावे आणि त्याचा प्रत्यक्ष कामात किती उपयोग होतो हे वेळोवेळी तपासावे. आपल्या बहुतेक कारखान्यांत लेखी कार्यक्रम असतो आणि वार्षिक वेळापत्रकही असते. अडते ते या शेवटच्या अपेक्षेपाशी, आणि तुमच्या पत्रातल्या जवळजवळ सर्व तक्रारी तिथूनच निघालेल्या आहेत.

त्यामुळे माझे मत असे आहे की प्रशिक्षणाच्या कागदावरची सही कामगाराला ते काम त्याच्या जागी, त्याच्या यंत्रावर, प्रत्यक्ष करताना पाहिल्यावरच व्हावी. वर्गात बसणे, एसओपी वाचणे आणि प्रश्नपत्रिका सोडवणे या त्याआधीच्या पायऱ्या आहेत.

लाइन क्लिअरन्सचे, म्हणजे नवी बॅच सुरू करण्यापूर्वी लाइनवर मागचे काही राहिले नाही हे पाहण्याचे, उदाहरण घ्या. मागील बॅचची एक गोळी, फॉइलचा तुकडा किंवा छापलेले एखादे कार्टन लाइनवर राहिले, तर एका औषधाच्या खोक्यात दुसरे औषध जाऊ शकते. ‘लाइन क्लिअरन्स करणे आवश्यक आहे: बरोबर की चूक’ या प्रश्नाला कोणीही बरोबर अशी खूण करील. त्यापेक्षा ऑपरेटरबरोबर ब्लिस्टर मशीनपाशी उभे राहा आणि ‘मला दाखवा, गोळी कुठे कुठे अडकू शकते,’ असे विचारा. ज्याला काम येते तो हॉपर उघडून दाखवील, फीडिंग ट्रॅकच्या खाली वाकेल, कन्व्हेअरच्या कडेखाली हात घालील, नाकारलेल्या मालाचा डबा रिकामा आहे का ते पाहील आणि यंत्राच्या मागे जाईल. ज्याला येत नाही तो तुमच्या तोंडाकडे पाहील. प्रत्येक महत्त्वाच्या कामासाठी असा निरीक्षणाचा एक कागद तयार करा. त्यात कोणत्या पायऱ्या चुकल्या तर व्यक्ती अनुत्तीर्ण समजायची हे आधी ठरवा आणि अनुत्तीर्ण ठरलेल्याला पुन्हा शिकवून पुन्हा पाहा. सर्वांना शंभर टक्के गुण असलेली फाइल पाहून तपासणी अधिकाऱ्याचे समाधान होत नाही. उलट काही जण पहिल्यांदा अनुत्तीर्ण झाले आणि नंतर उत्तीर्ण झाले असे दाखवणाऱ्या फाइलवर त्याचा विश्वास बसतो.

भाषेचा प्रश्न तुम्ही ओघात लिहिला आहे. माझ्या दृष्टीने तो फार मोठा आहे. जी सूचना वाचता येत नाही तिच्याखाली ‘वाचले व समजले’ अशी सही घेणे, हीसुद्धा एक प्रकारची खोटी नोंदच होय. मूळ एसओपी इंग्रजीत राहू द्या, पण उत्पादनाच्या जागी लागणाऱ्या सूचना मराठीत आणि हिंदीत करून घ्या. तिथे ‘निर्जंतुकीकरणोत्तर’ असले शब्द नकोत, कामगार स्वतः वापरतात ते शब्द हवेत, मग ते ‘चाळणी’ असो, ‘हॉपर’ असो की ‘काटा’. एक काळजी मात्र जरूर घ्या: भाषांतरित प्रतीलाही क्रमांक, आवृत्ती आणि मंजुरी हवी, आणि मूळ एसओपी बदलली की ती त्याच दिवशी बदलायला हवी. भिंतीवर चिकटवलेली, कोणाच्याच ताब्यात नसलेली मराठी सूचना पुढे जुनी होते आणि चुकीचे काम शिकवत राहते. ज्यांना वाचणे जमत नाही त्यांची परीक्षा तोंडी घ्या. प्रश्न कोणता विचारला आणि उत्तर काय मिळाले हे परीक्षकाने लिहावे. नवी एसओपी मंजूर झाल्याची तारीख आणि ती लागू होण्याची तारीख यांत अंतर ठेवलेले असते ते याच शिकवण्यासाठी. तुमच्याकडे दोन्ही तारखा एकच असतील, तर ती पद्धत आधी बदलून घ्या. पहिल्याच दिवशी चाळीस एसओपींवर सह्या घेणेही थांबवा. कोणत्या कामाला कोणत्या एसओपी लागतात याचा तक्ता करून प्रत्येकाला त्याच्यापुरत्याच शिकवा.

कॉम्प्रेशनच्या नोंदींबद्दल तुम्ही दिलेल्या माहितीतच उत्तर आहे. दोन मशीनना एक ऑपरेटर आणि एक काटा आहे. एका मशीनवर गोळीचे वजन हलले आणि तो ते सावरत असला की दुसऱ्या मशीनची अर्ध्या तासाची वेळ टळते. मग तो नंतर वजन घेतो आणि जुनी वेळ लिहितो, किंवा त्याहून वाईट म्हणजे वजन न घेताच आकडा लिहितो. दर अर्ध्या तासाला वजन घ्यायचे असते हे त्याला पूर्वीही माहीत होते. अशा माणसाला तीनदा री-ट्रेनिंग दिल्याने त्याला आणखी दोन हात फुटत नाहीत. त्यातून त्याला एवढेच कळते की व्यवस्थेची अडचण सांगून उपयोग नाही, दोष शेवटी आपल्याच माथी येणार. डेव्हिएशनचे मूळ कारण म्हणून ‘प्रशिक्षणाचा अभाव’ लिहिण्यापूर्वी त्या व्यक्तीला ते काम येत होते का, एवढे विचारा. येत असेल, तर कारण माणसांची संख्या, उपकरण, वेळ किंवा यंत्राची मांडणी यांत शोधावे लागेल. इथे कॅपा (चूक सुधारण्याचा आणि पुन्हा न होऊ देण्याचा उपाय) म्हणून दुसऱ्या काट्याची आणि प्रत्येक पाळीत एका मदतनिसाची मागणी लिहा. आधीच्या तीन डेव्हिएशनचे क्रमांक त्यात नमूद करा, म्हणजे खर्च मंजूर करणाऱ्यालाही टाळणे अवघड जाईल.

त्या ऑपरेटरशी मात्र एकदा निवांत बोला आणि उशीर झाला तर काय लिहायचे ते शिकवा. ‘१०.३० ची तपासणी १०.५० ला घेतली, पहिल्या मशीनवर वजन समायोजन चालू होते,’ अशी खरी नोंद स्वीकारली जाईल, तिच्यासाठी कोणी ओरडणार नाही, हे त्याला तुमच्याकडून आणि त्याच्या पर्यवेक्षकाकडून ऐकायला मिळाले पाहिजे. खरे लिहिल्यावर शिक्षा होत असेल, तर नोंद कशी ठेवावी यावरचे कोणतेही प्रशिक्षण टिकत नाही.

ग्रॅन्युलेशनमधल्या ज्येष्ठ ऑपरेटरांना विरोधक समजू नका. इतक्या वर्षांच्या कामानंतर ओलावा हाताला कळतो हे खरे आहे आणि त्या कौशल्याचा मान राखलाच पाहिजे. नमुना कधी काढायचा हे त्यांच्या हाताने सांगावे, आणि माल पुढे जाऊ द्यायचा की नाही हे एलओडीच्या (सुकवल्यावर घटणाऱ्या वजनावरून ओलावा मोजण्याच्या चाचणीच्या) आकड्याने ठरवावे, अशी वाटणी त्यांच्यासमोर मांडा. कारणही सांगा: ते रजेवर असतील त्या दिवशी त्यांचा हात तिथे नसतो, पण आकडा असतो. नंतर त्यांनाच विभागातील प्रशिक्षक करा. त्याआधी त्यांचेही काम निरीक्षणाच्या कागदावर पाहा, कारण जुन्या माणसाकडून कौशल्याबरोबर जुन्या पळवाटाही पुढच्या पिढीकडे जातात. नवख्या मुलाला चाळणी वापरण्यापूर्वी आणि वापरून झाल्यावरही का तपासायची, हे त्यांच्याइतके चांगले कोणी सांगू शकणार नाही. वापरण्यापूर्वी धड असलेली चाळणी नंतर फाटलेली निघाली, तर तिची तार नेमक्या याच मालात आहे हे तेव्हाच कळते, आणि ‘नंतर’ची तपासणी गाळली तर ती तार किती बॅचमध्ये शोधायची हे कोणालाही सांगता येत नाही.

‘का’ हे सांगणे प्रशिक्षणात सर्वांत जास्त वगळले जाते. त्यासाठी दूरची उदाहरणे शोधावी लागत नाहीत. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायइथिलिन ग्लायकॉल हे विषारी रसायन मिसळलेले ग्लिसरिन दिल्याने १४ रुग्णांचा मृत्यू झाला आणि न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. स्टोअर आणि डिस्पेन्सिंगमधल्या (कच्चा माल मोजून देणाऱ्या) माणसांना ही हकिकत सांगा. हे दोन्ही द्रव रंगहीन, दाट आणि गोडसर असतात, डोळ्यांनी किंवा वासाने त्यांत फरक करता येत नाही. म्हणून क्यूसीचे (गुणवत्ता तपासणी विभागाचे) ‘मंजूर’ लेबल लागण्यापूर्वी एकही पिंप हलवायचे नसते, कितीही घाई असली तरी. २०२२ साली गांबियात बालकांच्या मृत्यूंनंतर भारतात बनलेल्या सिरपबाबत जागतिक आरोग्य संघटनेने दिलेला इशारा डायइथिलिन ग्लायकॉल आणि त्याच्यासारख्याच इथिलिन ग्लायकॉलविषयी होता. आपण गोळ्या बनवतो, सिरप बनवत नाही, असे कोणी म्हणाले तर सांगा की ओळख न पटवता वापरलेला कच्चा माल कोणत्याही विभागात तितकाच घातक ठरतो.

दुसरी घटना इंग्लंडमधली आहे. १९७२ साली प्लिमथच्या डेव्हनपोर्ट रुग्णालयात शिरेतून द्यायच्या डेक्स्ट्रोजच्या दूषित बाटल्यांमुळे रुग्ण दगावले. कारखान्यात त्या बाटल्या निर्जंतुक करताना ऑटोक्लेव्हच्या (वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राच्या) खालच्या भागात हवा अडकून राहिली होती आणि तिथल्या बाटल्या पुरेशा तापल्याच नव्हत्या. तापमान चढत नाही हे एका मापकाने दाखवले होते. तो मापक बिघडलेला आहे असे समजून काम पुढे चालू ठेवले गेले. ही घटना सांगून झाल्यावर तुमच्या ऑपरेटरांना विचारा: क्युबिकलबाहेरच्या (मशीनच्या खोलीबाहेरच्या) हवेचा दाब दाखवणाऱ्या प्रेशर गेजचा काटा मर्यादेच्या खाली आला तर तुम्ही काय कराल, कोणाला बोलवाल, आणि रात्रपाळीत ती व्यक्ती आली नाही तर मशीन थांबवाल का? ‘थांबवीन’ असे उत्तर आले, तर पुढचा प्रश्न त्यांच्या पर्यवेक्षकाला विचारा, की याने मशीन थांबवले तर तुम्ही त्याला काय म्हणाल. दोन्ही उत्तरे जुळेपर्यंत तो विषय संपला असे समजू नका.

कंत्राटी कामगार आणि पॅकिंगमधील महिला यांच्याविषयी दोन गोष्टी सांगतो, कारण या दोन्ही प्रशिक्षणाच्या पुस्तकांत क्वचितच येतात. आजारपण कळवावे, जुलाब, ताप किंवा उघडी जखम असेल तर मालाजवळ जाऊ नये, हा नियम सर्वांना पाठ असतो. पण ज्याची रोजंदारी त्या दिवशी बुडणार आहे तो बोटाची जखम हातमोज्याखाली लपवतो आणि त्याला दोष देण्याचा नैतिक अधिकार आपल्याला नाही. आजार कळवणाऱ्याला त्या दिवशी उघड्या मालापासून दूरचे काम किंवा भरपगारी सुट्टी मिळेल, अशी अट कंत्राटदाराबरोबरच्या करारात घालून घ्या. याशिवाय तो नियम केवळ भिंतीवर राहील.

तसेच मंगळसूत्र, बांगड्या आणि टिकली. सुटलेला मणी, काचेचा तुकडा किंवा निघालेली टिकली मालात जाऊ शकते, त्यामुळे नियमात सूट देता येणार नाही. परंतु चेंज रूमच्या दारात सर्वांसमोर ‘काढा ते’ असे एखाद्या पुरुष पर्यवेक्षकाने ओरडून सांगणे हे प्रशिक्षण नव्हे. हा विषय तुम्ही स्वतः, फक्त महिलांसमोर घ्या. कारण समजावून सांगा, वस्तू ठेवायला प्रत्येकीला कुलपाचा स्वतंत्र कप्पा द्या आणि त्यांच्या मनात काय आहे ते ऐकून घ्या. त्यांच्या घरी औषध घेणारे कोणी ना कोणी असतेच, त्यामुळे कारण पटायला वेळ लागत नाही.

तीन आठवड्यांत हे सर्व होणार नाही आणि तसा प्रयत्नही करू नका. पहिल्या आठवड्यात कंत्राटी कामगारांचे डेव्हिएशन, त्यांची स्वच्छता, गाऊनिंग (कामाचे संरक्षक कपडे घालण्याची पद्धत) आणि ‘कशाला हात लावायचा नाही, कोणाला बोलवायचे’ एवढे मराठी-हिंदीतले प्रशिक्षण पूर्ण करा. त्यानंतर डिस्पेन्सिंग, कॉम्प्रेशन आणि ब्लिस्टर पॅकिंग या तीनच ठिकाणी निरीक्षणाने पारखण्याची पद्धत सुरू करा आणि बाकीच्या विभागांचे वेळापत्रक तारखांसह मंजूर करून घ्या. ऑडिटमध्ये विचारले तर काय झाले आहे आणि काय व्हायचे आहे, हे दोन्ही जसेच्या तसे सांगा.

नोकरी सोडावी का, या तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आज देण्याची गरज नाही. तुमचा लेखी नकार पोहोचल्यावर कारखाना काय करतो ते पाहा. नकार मान्य झाला, प्रशिक्षणासाठी तुम्हाला उत्पादन विभागाचा वेळ मिळू लागला आणि दुसऱ्या काट्याच्या मागणीवर निदान चर्चा झाली, तर राहा, कारण असे काम शिकण्यासाठी मध्यम आकाराच्या कारखान्याइतकी चांगली जागा नाही. गुणवत्ता प्रमुखांपर्यंत जाऊनही तीच मागील तारीख पुन्हा तुमच्यासमोर आली, किंवा तुम्हाला वगळून दुसऱ्या कोणाकडून त्या सह्या घेतल्या गेल्या, तर दुसरी नोकरी शोधायला लागा, आणि ती मिळेपर्यंतही त्या फॉर्मवर सही करू नका.